कचरा शहराचा, गायरान गावाचं : नारेगावनं गाड्या अडवल्या, पुढं काय झालं?

फुलंब्री (प्रतिनिधी) : तीन वर्षं झाली. मोसंबीच्या बागेसाठी मी एका नगरपालिकेच्या डेपोवरून दोन ट्रॉल्या खत आणलं. शेणखत मिळेना, मिळालं तर भाव परवडेना, आणि हे निम्म्याहून कमी पैशात. वरून काळंभोर, हातात घेतलं तर भुसभुशीत. मी खूश. पहिले दोन पाऊस झाले, माती बसली आणि झाडांच्या आळ्यात काय काय वर आलं ते ऐका. शाम्पूच्या पुड्या, सलाईनच्या नळीचे तुकडे, फुटक्या बांगड्या, पेनाची टोपणं, गुटख्याचे कागद. निंदायला आलेल्या एका मावशींच्या तळहाताला काच लागली. तीन टाके पडले. दवाखान्याचा खर्च मी केला, पण पुढचे आठ-दहा दिवस त्यांचा रोज बुडाला तो बुडालाच.

कोणती नगरपालिका ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी लबाडी केली असं मला वाटत नाही. त्यांच्याकडं कचराच तसा आला, कालवलेला. शेण, काच, पोळी, प्लॅस्टिक सगळं एका गाडीत कोंबून आणलं की जगातली कोणतीही मशीन त्यातून निर्मळ खत काढून देत नाही. चाळणी मारा, पंखा मारा, बारीक काच राहतेच.

म्हणून हा विषय आज घेतला. शहरातल्या कचऱ्याचं आपल्याला काय घेणं, असं पारावर कुणी म्हणालं तर त्याला सांगा की तो कचरा आपल्याकडंच येतो. कधी गायरानात ढीग होऊन येतो, कधी विहिरीच्या पाण्यातून येतो, कधी खत म्हणून आपणच पैसे देऊन आणतो. आणि कधी आपल्या गाईच्या पोटात सापडतो. गाय प्लॅस्टिकच्या चवीसाठी पिशवी खात नाही. आत शिळी भाकर असते, भाजीचे देठ असतात, आणि वरून घट्ट गाठ मारलेली असते. तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते.

नारेगावात काय झालं होतं

आपल्या जिल्ह्यात हे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय. संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, रोजचा चारशे टनांच्या वर कचरा वर्षानुवर्षं नारेगाव-मांडकीच्या डेपोवर टाकला जात होता. वेगळा केलेला नाही, प्रक्रिया नाही. आणायचा आणि ओतायचा. आजूबाजूच्या गावांनी तीसेक वर्षं सोसलं. विहिरीच्या पाण्याला वास, जेवणाच्या ताटावर माश्या, कुत्र्यांच्या झुंडी, उन्हाळ्यात ढिगाला आग आणि रात्रभर धूर. निवेदनं दिली, आश्वासनं मिळाली, पुन्हा निवेदनं दिली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकरी रस्त्यावर बसले आणि गाड्या परत पाठवल्या. या वेळी ते उठले नाहीत. चार दिवसांत शहरात चौकाचौकात ढीग लागले. महापालिकेनं दुसरीकडं जागा बघायला सुरुवात केली, तर त्या त्या गावानंही विरोध केला. मार्च महिन्यात मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हा दगडफेक झाली, लाठीमार झाला, गाड्या जळाल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि नारेगावात कचरा टाकायला मनाई झाली.

त्या दिवसांत शहरात गेलं की नाकाला रुमाल बांधावा लागायचा. माझे एक नातेवाईक तिथं राहतात. फोनवर मला म्हणाले, “तुमच्या खेड्यातल्या लोकांनी आमचे हाल केले.” मी म्हटलं, “भाऊजी, तीस वर्षं त्यांचे हाल चालले होते तेव्हा तुम्हाला वास आला नाही.” त्यांनी फोन ठेवला. नंतर दिवाळीला बोललो, ते जाऊ द्या.

पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. गाव अडून बसलं तेव्हाच शहरानं घरोघरी ओला-सुका वेगळा मागायला खरी सुरुवात केली. पुढं सगळा कचरा एका ठिकाणी नेण्याऐवजी चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल अशा वेगवेगळ्या ठिकाणी प्रक्रियेची केंद्रं उभी राहिली. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प झाला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. या केंद्रांजवळ राहणारे लोक आजही तक्रारी करतात. तरी रोज एकाच गावाच्या छातीवर चारशे टन ओतणं थांबलं.

ढीग पेटतो कसा आणि विहीर नासते कशी

हे थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात वजनानं निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. भाजीचे देठ, उष्टं अन्न, फळांच्या साली. हा माल आपल्या उकिरड्यात असता तर हवा लागून कुजला असता आणि खत झालं असतं. पण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वीस-तीस फूट ढिगाखाली गाडला की त्याला हवा मिळत नाही. मग तो कुजण्याऐवजी सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. गोबर गॅसच्या टाकीत जो जळतो तोच. ढिगात तो साठतो, आतून उष्णता वाढते, वर प्लॅस्टिक आणि कागद आहेतच. एप्रिल-मे मध्ये डेपो पेटले की बातमीत “अज्ञातानं आग लावली” असं येतं. कधी लावलेली असेलही, पण पुष्कळदा ढीग आतूनच धुमसत असतो. पाणी मारलं तरी आठ-आठ दिवस विझत नाही.

दुसरं म्हणजे गाळपाणी. पाऊस ढिगातून झिरपतो आणि खाली काळं, उग्र वासाचं पाणी निघतं. त्यात बॅटरीचं, ट्यूबलाइटचं, रंगाच्या डब्याचं, औषधाचं जे काही असेल ते विरघळतं. आपला दगड भेगाळलेला बेसाल्ट आहे. पाणी त्या भेगांतून कुठं निघेल सांगता येत नाही. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा १९९१ च्या सुमारास तिथं यायला लागला. विहिरी गेल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरवर बसायची वेळ आली. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा त्यांनीही गाड्या अडवल्या. आपल्या नारेगावच्या एक वर्ष आधी.

म्हणजे ओला कचरा घरातच वेगळा निघाला तर आग, वास आणि गाळपाणी या तिन्हींचा जोर कमी होतो. सुकाही कोरडा राहतो आणि भंगारवाला तो विकत घेतो. वरण सांडलेली रद्दी कोण घेणार?

वजनावर पैसे दिले की कापूसही ओला होतो

मग सगळ्यांना हे कळतं तर होत का नाही? मी यावर बऱ्याच लोकांशी बोललो. नगरसेवक म्हणतात लोकांना शिस्त नाही. लोक म्हणतात, आम्ही दोन डब्यांत देतो आणि गाडीवाला एकत्र करतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण मला जे मुळातलं कारण वाटतं ते आपल्या शेतकऱ्याला पटकन कळेल.

पुष्कळ ठिकाणी कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात. गाडी काट्यावर जाते, वजन होतं, बिल निघतं. आता सांगा, ओला-सुका वेगळा झाला, लोकांनी परसात खत केलं, सुका भंगारात गेला, तर ठेकेदाराच्या गाडीचं वजन वाढेल की घटेल? घटेल. मग तो वेगळा करा म्हणून कशाला मागं लागेल? उलट गाडीत माती आली, बांधकामाचा राडारोडा आला, पावसाचं पाणी आलं तर त्याचा फायदाच. वजनावर भाव मिळतो म्हणून कापसावर पाणी मारणारे आपल्यातही होते, लाजायचं कशाला. व्यापाऱ्यानं ओलावा मोजायला सुरुवात केली तेव्हा ते कमी झालं.

म्हणून कचऱ्यात लोकसहभाग म्हणजे नुसती प्रभातफेरी, झाडू हातात घेऊन फोटो आणि भिंतीवर घोषणा नव्हे. कचरा वेगळा राहण्यात ज्याचं पोट आहे, अशा माणसाच्या हातात तो गेला पाहिजे.

पुण्यात हे करून दाखवलंय, आणि कुणी मोठ्या कंपनीनं नाही. कचरा वेचणाऱ्या बायांनी. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या काही कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. बाबा आढाव म्हणजे हमाल पंचायतवाले, “एक गाव एक पाणवठा” वाले. या संघटनेतल्या बहुतेक बाया, बहुतेक दलित समाजातल्या. त्यातल्या कित्येक जणींची घरं ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातूनच पोटामागं पुण्याला गेलेली. म्हणजे आपलीच माणसं. त्या कुंडीत उतरून हातानं प्लॅस्टिक, कागद, पत्रा वेचायच्या. लोक त्यांना चोर समजायचे, पोलीस हुसकायचे. आधी ओळखपत्रं मिळवली, मग विमा मिळवला.

पुढं त्यांनी म्हटलं, आम्ही कुंडीतून वेचतो तेच तुमच्या दारातून का घेऊ नये? त्यातून “स्वच्छ” ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. तीन हजारांहून जास्त वेचक तिच्यात काम करतात.

त्यांचा हिशेब असा चालतो. बाई रोज ठरलेल्या घरांतून ओला आणि सुका वेगवेगळा घेते. प्रत्येक घर तिला महिन्याला ठरलेली फी देतं. सुक्यातला विकाऊ माल तिचा. ओला महापालिकेच्या गाडीत किंवा सोसायटीच्या खत खड्ड्यात जातो. महापालिका ढकलगाड्या आणि माल निवडायला जागा देते. आता बघा, घरानं कचरा कालवून दिला तर तोटा कोणाचा? त्या बाईचा. भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही. म्हणून ती दारातच सांगते, “ताई, असा चालणार नाही, वेगळा करून द्या.” त्यासाठी तिला वरच्या साहेबाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे हातात येऊ नयेत म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, ही मोहीमही त्यांनीच चालवली. ज्याच्या हाताला लागतं त्यालाच हे सुचतं. मला ते काच लागल्यावर कळलं.

पुण्याचं सगळं गोड आहे असं नाही. उरुळी-फुरसुंगीचं दुखणं पुण्याचंच आहे. स्वच्छचा करार संपत आला की काम ठेकेदाराला द्यावं का, अशी चर्चा तिथंही उठते. काही घरं फी द्यायला टाळाटाळ करतात. एवढं असून ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली, कारण बाईचं, घराचं आणि महापालिकेचं हित एकाच बाजूला आहे.

केरळातलं एक नारेगाव, आणि आपलं वेंगुर्ला

आलप्पुळा नावाचं शहर केरळात आहे. तिथला कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम गावात जायचा. २०१२ साली गावानं वाट बंद केली. शहरानं नवं गाव शोधण्याचा नाद सोडला. घरोघरी छोटे गोबर गॅस आणि पाइपात खत करायची सोय अनुदानावर दिली, आणि ज्यांच्या घराला परसू नाही त्यांच्यासाठी वस्तीत हवा खेळती राहील असे खताचे हौद बांधले. आमदार थॉमस आयझॅक आणि नगरपालिका दोघं मिळून यात उतरले. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं कचऱ्याच्या कामासाठी जगातली जी पाच शहरं निवडली, त्यात आलप्पुळा होतं.

आपल्याकडं वेंगुर्ला बघा. सिंधुदुर्गातली छोटी नगर परिषद, आपल्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं घरातूनच वेगळा कचरा घ्यायला सुरुवात झाली आणि डेपोवर तो आणखी वीसहून जास्त प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्यापासून गॅस आणि खत झालं, प्लॅस्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात वापरलं. नाक धरून जायच्या जागेवर बाग झाली आणि लोक ती बघायला सहली आणू लागले. पाचगणीतही जुन्या डेपोचा असाच कायापालट झाला. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिले तीन क्रमांक कराड, सासवड आणि लोणावळ्याचे होते. म्हणजे लहान गावांना हे जमतं. आपल्या मराठवाड्यातलं नाव त्यात का नसावं, हा प्रश्न प्रत्येक नगराध्यक्षाला विचारायला हरकत नाही.

आणि खाम नदी विसरू नका. शहरातून वाहते, शहराचा कचरा-घाण घेऊन नाथसागरात उतरते, आणि त्याच नाथसागरातून शहर पिण्याचं पाणी उचलतं! अलीकडच्या वर्षांत महापालिका, छावणी परिषद, एक कंपनी आणि स्थानिक संस्था यांनी मिळून नदीपात्र साफ करायचं काम घेतलंय. काठावरचं शहराचं रूप बदललंय. खालच्या अंगाला पैठण-गंगापूरकडं ज्यांची शेती आहे त्यांनी यावर लक्ष ठेवावं, कारण नळाखाली ओंजळ त्यांचीही आहे.

आपल्या हातात काय

उद्या तुमच्या गावच्या गायरानावर तालुक्याच्या नगरपालिकेचा प्रस्ताव आला तर नुसतं “नाही” म्हणून ठराव करू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावाच्या जागेची अंतरं दिलेली होती, आता लागू असलेल्या नियमांत ती काय आहेत ते बघून ठरावात लिहा. नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. (विमानतळाचं अंतर खास परवानगीनं कमी होऊ शकत होतं. नारेगाव आणि चिकलठाणा विमानतळ यांच्यात किती अंतर आहे ते तुम्हीच नकाशावर बघा.) त्याच नियमांप्रमाणं भरावात फक्त ज्याचं काहीच होऊ शकत नाही असाच माल जायला पाहिजे होता. ओला कचरा तिथं आला की नियम मोडला. तेव्हा ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारा की ठेकेदाराला पैसे टनावर देणार की घरांवर. याचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं तुम्हाला कळेल.

आपल्या गावचंही बघा. बाजाराची गावं आता अर्धी शहरं झालीत. पाणंदीच्या कडेला, ओढ्यात, शाळेच्या मागं पिशव्यांचे ढीग आपणच लावतोय. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्यावरच्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद होती. ३ हजार वस्तीच्या गावाचे १ लाख ८० हजार होतात. तालुक्याला प्लॅस्टिकच्या युनिटसाठी १६ लाखांपर्यंतची वेगळी सोय होती. तुमच्या ग्रामपंचायतीनं यातलं काय घेतलं आणि कुठं लावलं, ते ग्रामसेवकाला विचारा. लोखंडाची घंटागाडी आली आणि पंचायतीमागं गंजत पडली, असं असेल तर तेही विचारा. गाडी कोणाच्या हातात द्यायची आणि त्याला महिन्याला कोण काय देणार, हे बहुतेक गावांत ठरतच नाही.

आणि सिटी कंपोस्ट घेणाऱ्यांसाठी माझ्या पैशानं शिकलेलं थोडं सांगतो. राज्यात चांगल्या खताला “हरित महा सिटी कंपोस्ट” असं नाव दिलं आहे. घेताना तपासणीचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं खताचा ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. अहवाल नसेल तर बादलीभर पाण्यात दोन ओंजळी टाकून ढवळा. प्लॅस्टिक वर तरंगतं, काच आणि खडे तळाला बसतात. वरचं पाणी हळू ओतून तळ पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि उन्हात धरा, काच चमकते. ढिगात कोपरापर्यंत हात घालू नका, फावड्यानं उकरा आणि आतून वाफ येते का बघा. गरम लागलं किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर खत कच्चं आहे, ते मुळ्या जाळतं. शंका आली तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच पैसे द्या.

मी ही बादली तेव्हा केली नाही. तीन पावसाळे झाले, आळी उकरली की अजून काचा निघतात. त्या मावशी आजही आमच्याकडं निंदायला येतात. मी जाड हातमोजे आणून दिलेत, पण त्या घालत नाहीत. म्हणतात, बोटांत गवत धरता येत नाही.